दोन पराती

मुरगावच्या टगवरून उतरवलेलं हे यंत्र
मी पोत्यात गुंडाळून आणलं लोंढ्याच्या गाडीतून,
आणि कुडचीच्या खाली, कृष्णेच्या नावेवर
लोखंडी पाइपाला तारेनं आवळून बसवलं.
भरमू अंबी हसला.
"नदी केवढी, पंखा केवढा!
समुद्र हरवला म्हणून हुडकाय आलास की काय?"

चाळीस वर्षं त्यानं धुक्यात नाव घातली ती हाकेवर.
'ओऽऽ' म्हणायचं, मान तिरकी करायची,
दरडीवरून हाक परत यायला किती वेळ लागतो
ते छातीत मोजायचं.
उसाकडनं काही येत नाही, म्हणायचा.
ऊस गिळतो. कातळ परत देतो.
मी म्हटलं, मामा, यंत्राचंही एवढंच,
फक्त याची हाक कुणाला ऐकू येत नाही.

मार्गशीर्षातली पहाट. उगारचा भोंगा वाजून गेलेला.
नावेत सहा मोटारसायकली, दुधाचे कॅन,
परीक्षेला निघालेली नदाफांची शाहीन
वहीत तोंड घालून.
काचेवर दोन हिरवे काठ, मधे काळं पाणी.
लाटांचा कचरा पुसत आणायचा, पण बेतानं.
फार पुसलं तर कचऱ्याबरोबर
नावही पुसली जाते समोरची.
हे मला एका कप्तानानं
कानाखाली देऊन शिकवलं होतं.

मग एक ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा.
पेन्सिलीनं खूण केली.
काटा फिरला: दाणा जवळ, दिशा तीच.
काटा फिरला: अजून जवळ. दिशा तीच.
दिशा बदलत नाही आणि अंतर घटत जातं,
त्याला समुद्रावर एकच शब्द आहे,
तो नावेत मोठ्यानं बोलत नाहीत.

"मामा, उजवीकडं घाल. उजवीकडं!"
का, ते त्यानं विचारलं नाही.
सुकाणूवर अख्खा आडवा झाला.
मोटारसायकली एकमेकींवर रेलल्या,
आणि डाव्या अंगाला, चार हातांवर,
धुक्यातून निघाली गुळाची काहील.
आत चौगुल्यांची पद्मावती, वैरणीचा भारा,
आणि परातीनं पाणी मारणारा तिचा दीर.
"डोळं फुटल्यात का रं?" ती ओरडली.
भरमूच्या ओठात बिडी विझलेली, तशीच.

मी खुशीत मागं वळलो.
तोवर तो म्हणाला, "इंजिन बंद कर."
काचेवर काही नव्हतं. मी दोनदा बघितलं.
"कोण तरी खोकतंय."

थर्मोकोलच्या फळकुटावर मांडी घालून
सिद्लिंग जाळं ओढत होता
नावेच्या नाकापुढं.
भिजलेला, हडकुळा, दमेकरी.
काहील दिसली होती लोखंडाची म्हणून.
या माणसापाशी परत पाठवण्यासारखं
काहीच नव्हतं, एक खोकला सोडून.

संध्याकाळी घाटावर मी त्याला सांगितलं,
दोन पत्रे घ्यायचे, एकमेकांत काटकोनात खोवायचे,
काठीवर उंच बांधायचे, यंत्राला चकाकतात ते.
भरमूनं ते कन्नडात सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात.
सिद्लिंगनं मान हलवली. पत्रे कुठले आणायचे,
हे तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट.
काचेवर, जिथं कधी काही नसतं तिथं,
एक जाड, ठसठशीत दाणा.
मी वेग उतरवला. हळूहळू जवळ गेलो.
काठीवर लग्नातल्या दोन पराती,
मधोमध कापून एकमेकींत घातलेल्या.
एकीवर नाव कन्नडात कोरलेलं, दुसरीवर मराठीत,
एकाच शांतव्वाचं. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"ईग काणतद?" त्यानं धुक्यातून विचारलं.

भरमूनं माझ्याकडं बघितलं.
मी काचेकडं.
"हौदो," भरमू ओरडला, "काणतद!"
आणि सवयीनं मान तिरकी करून थांबला,
परत काय येतं ते ऐकत.